चौकटींचा कागद

भावाची पोर स्रवंती ईसीजीचा कागद घेऊन आली,
मी तो आधी उलटाच धरला.
गुलाबी चौकट्या, बारीक, हातभर लांब,
जेकार्डच्या डिझाईनचा असतो तसाच.
असल्या कागदावरून मी वर्षानुवर्षं
पुठ्ठ्याला भोकं पाडली :
मोर, कमळ,
एकदा कुणाच्या तरी सासऱ्याचा फोटो, मिशीसकट.
ही नक्षी मात्र वाचता येईना.
एकच काटा, पुन्हा पुन्हा, सरळ रेघेवर.
शैलजा सिस्टरनी माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं :
ठीक आहे. गोळ्या चालू.

तिला झालाय तोच मला झाला होता,
साध्या औषधाला न जुमानणारा.
माझा बेडका तपासायला गेला
आणि निकाल यायला दिवाळी उलटली.
हिचा, आम्ही सिव्हिलसमोर इडली खाऊन
जरा सावलीला टेकलो, तोवर आला.

मला सुई होती. आठ महिने, रोज.
गोळ्या दोन वर्षं.
पहिल्यांदा चिमण्या गेल्या.
मग कुकरची शिट्टी.
मग बायको.
मागाचा खडखडाट शेवटपर्यंत टिकला,
पण धागा तुटल्याचा तो एवढासा आवाज,
ज्यानं मी झोपेतून उठायचो,
तो कधी गेला कळलंच नाही.
मालकानं हात जोडले. मीही जोडले.
जीव वाचला, हे विसरत नाही.
तेव्हा जे होतं ते त्यांनी दिलं.

हिला सुई नाही.
सव्वीस आठवडे, नुसत्या गोळ्या.
पायाला मुंग्या येतात,
शेंगाचटणी मातीसारखी लागते म्हणून रडते,
मग गिळते.
मी समोर बसतो. गळा वर-खाली झाला
की कॅलेंडरावर पेन्सिलीची रेघ.

रात्री हिशोब करतो :
बारा वर्षं आधी निघाली असती तर?
रागवायचं कुणावर?
कुठल्याशा गावात कुणीतरी ती पहिल्यांदा गिळली असणार,
गुण येईल की भलतंच होईल, ठाऊक नसताना.
त्यांची नावं मला माहीत नाहीत.
चादरीवर तरी विणणाऱ्याचं नाव कुठं असतं.
थोडा राग उरतोच. खोटं कशाला बोलू.

पहाटे साखर पेठेतले माग सुरू होतात,
भिंत थरथरते, तेवढं मला कळतं.
उठून तिच्या पाठीवर हात ठेवतो.
खोकला हाताला ऐकू येतो.
संक्रांतीला येत होता, होळीलाही.
काल नव्हता.
आज ती जागीच होती.
वळून काहीतरी म्हणाली.
ओठ वाचण्याइतका उजेड नव्हता.
'बाबाय, हात गार आहे', असलंच काही असेल.
मी मान हलवली,
आणि हात तिथंच ठेवला.