बारा व्होल्ट

तिसरी हार्ड डिस्कही गेली,
मंगळवारी, रात्री साडेअकराला.
आधी टक्. जरा थांबून टक् टक्,
बंद दाराआडून कुणी नख वाजवावं तसं.
मग निळा पडदा, पांढरी अक्षरं,
आणि माझा मिंग्रेली कोश
पुन्हा 'मनी' या अक्षरापाशी अडलेला.

दुकानदार म्हणाला, माल खराब.
भाचा म्हणाला, व्हायरस.
जावई त्बिलिसीहून म्हणाला,
या वयात शब्द कशाला गोळा करता?
मी वायरी बदलल्या. मेमरीची पट्टी
खोडरबरानं घासली, रात्रभर तपासली.
निर्दोष.

काल वरच्या मजल्यावरचा ग्वांजी आला,
कागद गिरणीतला जुना वायरमन.
डिस्ककडे त्यानं पाहिलंच नाही.
मीटरची सुई पिवळ्या तारेला लावली, म्हणाला,
हं, कर तुझं काम.
कोश उघडला. पंखा घुरघुरला.
अकरा सहा. अकरा एक. दहा आठ.
"उपाशी मारल्यास गं बिचाऱ्यांना."

चोर मागच्या डब्यात बसलेला,
मुकाट, पाठ शेकत;
आणि मी एकेक संन्यासी
फासावर चढवत आले.

पॉवर सप्लायच्या पोटात दोन कपॅसिटर,
टाळू फुगलेली, तपकिरी ओघळ.
नवा आणला, साठ लारींना.
मग ग्वांजीनं पहिलीच मेलेली डिस्क जोडली.
फिरली!
अनी दिसलं. बनी. गनी.
आम्ही दोघंही खोकलोसुद्धा नाही.
लासीपर्यंत आली, आणि
टक्.

असू दे.
मनी मी वहीत उतरवतेय, पेन्सिलीनं.
ग्वांजी जिन्यातून जाता जाता विचारतो,
किती व्होल्ट?