झोळ

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, घड्याळजीच्या शेजारी
माझं दुकान: एक मशीन, एक इस्त्री, एक स्टूल.
एकवीस वर्षं इथे एकच काम करतोय,
माणसांच्या अंगावरचा झोळ काढतोय.

खलफ बिन जुमा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला.
अरबी तोंडात प नाही.
"बावसकर," म्हणाला, "शिरा करशील?"
मला वाटलं, म्हाताऱ्याला गोड खायचंय.
नातवाने हवेत हात फिरवून तिकोन काढला
तेव्हा कळलं: शीड.

शुक्रवारी पहाटे, ओहोटीच्या वाळूत
त्याने खुंट्या मारायला लावल्या.
कागद नाही, पट्टी नाही.
पावलं मोजली, नातवाने धरून चालवलेली,
आणि खुंट्यांमधून दोर ताणला.
तो त्याला किंबार म्हणतो, मी काथ्या.
भिजल्यावर दोघांच्या नाकात एकच वास.
"कापड पूर्वी तुमच्याकडूनच यायचं," तो म्हणाला.
गठ्ठ्यावर चीनचा शिक्का होता.
मी वाचून दाखवला नाही.

दाभण. तळव्याला चामड्याची पट्टी. मेण चोळलेलं सूत.
पट्टीला पट्टी जोडत मी पुढे,
मागून त्याची बोटं, टाक्या-टाक्यावरून,
आणि मध्येच एका टाक्यावर थांबायची:
"इथे तू घरचा विचार करत होतास."
खरं होतं. धाकटीची फी राहिली होती.

मग कडेला दोर शिवायची वेळ आली.
मी कापड असं ताणून बसवलं
की एक सुरकुती नाही,
आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.
त्याने हात लावला नि शिवी घातली.
(शिव्या मला सगळ्या कळतात.)
"पडदा शिवलास तू. खिडकीचा पडदा!"
वीतभर दोराला एक वीत आणि वर दोन बोटं कापड,
पोटाकडे जरा जास्त, टोकाकडे कमी,
कुठे किती, ते हाताला विचारायचं.
"तुमच्यात काय म्हणतात याला?"
झोळ, म्हणालो. खालमानेनं.
"जोल," त्याने चव घेतली शब्दाची.
"जोल असेल तर वारा बसतो, बावसकर.
ताठ कापडाला तो नुसता थोबाडतो."

उसवून परत शिवायला नऊ दिवस गेले.

जालबूत उभी होती विमानतळाच्या रस्त्यावर,
चौकात, सिमेंटच्या चौथऱ्यावर,
भोवती नगरपालिकेची जांभळी फुलं.
शीड चढलं. संध्याकाळी शमाल सुटला
आणि ते भरलं.
कसं सांगू,
बाळंतिणीला पान्हा फुटावा तसं, एकदम,
आणि खाली सिमेंट कुरकुरलं.
खलफला दिसत नव्हतं. त्याने कान वर केला.
"हां," म्हणाला. तेवढंच.

सकाळी कंत्राटदाराचा इंजिनियर आला,
कोईमतूरचा, भला माणूस.
डोलकाठी गाड्यांवर पडली तर त्याची नोकरी जाणार.
शिडाला भोकं पाडा, म्हणाला, वारा आरपार जाऊ दे.
कात्री माझ्याच खिशात होती.
खलफ बराच वेळ काही बोलला नाही.
मग: "कापू नको. उसव."
सात शिवणी त्याने बोटाने दाखवल्या, वरपासून खालपर्यंत.
"कापलेलं मेलं. उसवलेलं कुणीतरी शिवेल."

ते सूत मी गुंडाळून गल्ल्यात ठेवलंय.

आता चौकातून टॅक्सी वळते तेव्हा
शिडाच्या पट्ट्या फडफडताना दिसतात,
मधून मधून आभाळ.
काल बँकेतला एक गिऱ्हाईक
नवाकोरा तोब परत घेऊन आला.
खांद्यात झोळ राहिलाय म्हणाला.
मी टेप लावली.
दोन बोटं.
बरोबर दोन बोटं.