कट

आमच्या गंगावेशीत कट म्हणजे मिसळीवरचा.
लालभडक, मागाल तेवढा, वर पैसे न घेता.
दुसरा कट मला त्या पिच्चरनं शिकवला.

मी तिसरीत होते.
आनसाबाई सरनाईकांचं दार
शूटिंगवाल्यांनी एका रात्रीत निळं केलं.
आधी हिरवं होतं.
“परत करून देतो मावशी,” टोपीवाला म्हणाला
आणि चहाची किटली रिकामी करून गेला.

नायिका त्या दारातून बाहेर पडते,
पदर खोचलेला, डोळ्यांत ग्लिसरीन,
आणि पुढचंच पाऊल
थेट पंचगंगेच्या घाटावर, पाण्यातल्या पायरीवर.

टॉकीजमध्ये अख्खी गल्ली ओरडली,
“आरं, मधलं सगळं कुठं गेलं?”
हारुण मिस्त्री तर उभाच राहिला.
तीन दिवस इस्त्रीचा शर्ट घालून
त्यानं एकाच फळीवर रंधा मारला होता,
फळीचा पापड होईपर्यंत.

गोष्ट काय होती, मला आजही सांगता येत नाही.
बहुतेक कुणाचं तरी पत्र येत नाही.
मी नायिकेमागची भिंत बघत होते.
तिच्यावर कोळशानं काढलेले स्टंप आमचे होते.

पुढं लग्न होऊन हुबळीला गेले.
झोप आली नाही की ते दार उघडायचं
आणि कापलेली वाट चालायची:
मिस्त्रीचा भुसा, गिरणीपाशी शिंक,
तालमीच्या खिडकीतून
ताक नि तेल मुरलेल्या मातीचा वास,
दूधकट्ट्यावर धारोष्ण ग्लास तोंडाला लावलेला
नवखा पैलवान, मिशी फुटायच्या आधीच
फेसाची मिशी,
कुंभारांकडं हात नसलेले गणपती,
मग वळण,
मग जरगांचं कुत्रं, ज्यानं मला
शेवटपर्यंत ओळख दिली नाही,
मग उतार. तिथं पाय आपोआप पळायचे.
नऊ मिनिटं.
कुत्रं झोपलेलं असेल तर आठ.

एकोणीसच्या ऑगस्टात नदी उलटी चालत आली.
तिनं मधलं काही गाळलं नाही.
उतार चढली, वळणावर वळली,
कुंभारांच्या घरात शिरून
अर्धे गणपती परत माती करून ठेवले,
कट्टा, तालीम, गिरणी,
एकेकाच्या उंबऱ्यावर थांबत थांबत
तिसऱ्या दिवशी दाराशी.

भावानं फोटो पाठवला.
निळं दार. पायरीला पाणी.
मनात पहिलं काय आलं सांगू?
‘जुळलं की.’
मग दिवसभर मी त्याला फोन करू शकले नाही.

गाळ काढायला गेले तेव्हा
आनसाबाई पालथ्या बादलीवर बसलेल्या.
दार फुगलेलं, लागत नव्हतं.
खालून निळा रंग पोपडे धरून निघालेला,
आत जुना हिरवा.
“टोपीवाला देणार होता रंग,” त्या म्हणाल्या.
“नदीनं दिला बघ. गुडघ्यापत्तूर.”
हसल्या नाहीत.
“जा, हारुणला बोलवून आण.
म्हणावं, रंधा घिऊन ये. ह्या टायमाला खरा.”

मी निघाले.
पहिल्या वळणाच्याही अलीकडं आहे त्याचं दुकान,
एरवी दीड मिनिट.
चप्पल रुतत होती गाळात,
पाच लागली.