रापणीचा वाटा

बैजाताल कमरेइतका.
त्यात पडलेला माणूस उभा राहतो,
लाजतो,
चप्पल शोधत काठावर येतो.
अकरा पायडल-बोटी, दोन वल्ह्यांच्या,
एका हंसाची चोच तुटलेली.
तिकिटं फाडते मी. सत्तावीस वर्षं.

समुद्र आमच्यापैकी एकट्या मुन्शीलाल बाथमनं पाहिलाय,
तोही ओहोटीला.
'चिखल होता, बाई,' एवढंच सांगतो.

वादळाची बातमी त्यानंच वाचली, मोठ्यानं,
भर लूमध्ये, डोक्यावर ओला गमछा.
'बयालीस नावें,' म्हणाला,
पेपराची घडी केली
आणि आमच्या तेरा बोटींकडे बघत राहिला.
मला वाटतं तो वजाबाकी करत होता,
आणि ती होत नव्हती.

ठेकेदार म्हणाला, तिकीट माझं, मजुरी तुमची,
तिचं काय करायचं ते करा.
ठीक. मजुरी.
शनिवार-रविवार कुणी घरी न्यायची नाही.
तिघऱ्याच्या धरणावरचे मल्लाहही आले,
त्यांच्याकडे मोटारबोट, म्हणून जरा तोऱ्यात,
पण आले.

दाल बाजारातल्या शेठजींनी
वीस पोती तूरडाळ कबूल केली.
तेव्हा मी फोन लावला
वस्तीवरच्या सदाशिव खवणेकरला.
पलीकडे वारा, कुत्रं, मग तो:
'डाळ इली, बाये. तांदूळ पण इलो.
दोर नाय.'

माझी मराठी लष्करातली, जिवाजीगंजातली.
तिच्यात दोर असतो तो विहिरीचा.
त्यानं न कंटाळता सांगितलं:
रापण म्हणजे सगळ्या वाडीचं एक जाळं,
होडी ते अर्धवर्तुळात टाकत जाते,
दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर,
आणि बाया, म्हातारे, शाळा बुडवलेली पोरं,
सगळे ओढतात.
जो दोराला हात लावील त्याचा वाटा.
रस्त्यानं जाणारा पाव्हणा असला तरी.
मी हे बाथमला हिंदीत सांगितलं.
'वाटा'ला हिंदीत काय म्हणायचं, क्षणभर सुचेना.

दोर तिकडे वावानं मोजतात.
वाव म्हणजे पसरलेले दोन हात.
बाथमनं हात पसरले,
बोटांची टोकं ताणली,
आणि त्याच्या सदऱ्याची काखेतली शिवण उसवली.
फेरीमागे मजुरी पंधरा रुपये,
वावाला तीस.
दोन फेऱ्या, एक वाव.

मग काय, तलावावर भाषाच बदलली.
'आज कितने वाव?' बोटीत बसायच्या आधी
पोरं विचारू लागली.
कम्पू कोतवालीकडचा एक नवरा-बायकोचा जोडा
भांडत भांडत चार वाव फिरला.
एक आजोबा बसलेच नाहीत,
दोन फेऱ्यांचे पैसे ठेवून म्हणाले,
पाण्याची भीती वाटते, माझा वाव तेवढा धरा.

सहा आठवडे. सहाशे बारा वाव.
मुन्शीलालनं दोराची भेंडोळी स्वतः बांधली,
ट्रान्सपोर्टवाल्याला दम दिला: भिजवू नकोस.
मग स्वतःच हसला.

दिवाळीच्या मागेपुढे पार्सल आलं.
गोणपाटात शिवलेलं, वर माझं नाव,
तिकीट-खिडकी, बैजाताल, ग्वाल्हेर.
आत सुकी मासळी
आणि वहीच्या कागदावर एक ओळ:
'पयली रापण लागली. हो तुमचो वाटो.'

खिडकीत असा वास भरला
की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.
आमच्या घरात अंडंसुद्धा शिरलेलं नाही.
बाथमची रामकली म्हणाली, मी रांधते, तुम्ही नुसत्या बसा.

वही उघडली.
जमा: सुकी मासळी, एक पार्सल.
किंमतीच्या रकान्यात पेन टेकवलं,
उचललं.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर
ताट माझ्याही समोर होतं.
मुन्शीलालनं पहिला घास घेतला,
बराच वेळ चावत राहिला,
म्हणाला, 'भरती असणार आता तिकडे.'

मी रस्सा बोटानं चाखला.
खारट.
कमरेच्या वर पाणी चढल्यासारखं वाटलं.