वंटमुरीच्या उताराला

काकती मागं पडली
आणि उताराला इंजिन गप झालं.
खडखड नाही, धूर नाही,
नुसतं टक्‌,
दातानं सुतळी तोडावी तसं.

ब्रेक दगड. स्टिअरिंग जड.
मागं बावीस पोती रताळी, उचगावची,
त्यांना कुठलं ठाऊक,
ती आपली ढकलतच होती.
हँडब्रेक दात-दात ओढत
आणला टेम्पो कडेला, मैलाच्या दगडाला घासून.

मग बॉनेटखाली टिकटिकणारं तापलं लोखंड,
माझाच श्वास,
खाली कुठंतरी टिटवी.
अकरा वर्षं हा घाट चढ-उतर करतोय,
ऐकला आज.

यमकनमर्डीहून अडिवेप्पा आला, टीव्हीएसवर,
दिवस मावळताना.
टॉर्च तोंडात धरून आत वाकला, बराच वेळ.
"बेल्ट कट्‌ आग्याद."
"मग आता?"
"आता काय. उद्या बेळगावास्नं आणायचा. बसूया की."

पोत्यातनं एक रताळं काढलं त्यानं,
पँटला पुसलं, कच्चंच मोडलं,
अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
ऑइलचा वास येत होता.
खाल्लं.
वरनं ट्रक उतरत होते, एकेक,
आमच्यावर उजेड टाकून
पुढं.