शिळी वीज नसते

आमच्या खोलीला खिडकी नाही.
सूर्य मावळतो तो भिंतीवर,
एका पिवळ्या रेघेत.
सोलापूरकडे आधी, मुंबईच्या गच्च्यांवर मग.
मध्ये बारा मिनिटं असतात,
तेवढ्यात मी चहा संपवून घेते.

दिवसाचे शहाण्णव तुकडे केलेत आम्ही,
पंधरा-पंधरा मिनिटांचे.
डिमेलो म्हणते, आपला दिवस शहाण्णव कुळी,
एकाचाही मान चुकला की सगळे रुसतात.

दुपारी एकला ऊन इतकं येतं
की ठेवायचं कुठे?
कोळशाच्या युनिटला सांगावं लागतं, बाबा रे, दमानं.
ते गुरगुरतं.
एकदा बसलं की उठायला अर्धा दिवस.
मग भिऱ्याला फोन:
ढेबे, पाणी वर चढवा.
आणि ऊन पाणी होऊन डोंगरावर चढतं,
संध्याकाळची वाट बघत बसतं.

भाकरी शिळी असते.
शिळा भात फोडणीला टाकता येतो.
शिळी वीज नसते.
केली की त्याच क्षणी कुणीतरी खायला हवी,
आणि कुणी हात पुढे केला
की त्याच क्षणी ताटात पडायला हवी.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल आहेत.
सेक्रेटरी बोंद्रे शून्याचं बिल
लॅमिनेट करून लिफ्टमध्ये लावतात.
साडेसातला पहिला एसी त्यांचाच लागतो.
इथून दिसत नाही,
पण मी शपथेवर सांगेन.

तो मे महिन्यातला मंगळवार.
सव्वापाचला पिवळी रेघ घसरली,
रोजच्यासारखी जिना उतरत नव्हे,
विहिरीत बादली सुटावी तशी.
तिकडे वळवाचा ढग आला होता,
अंदाजाच्या कागदात नसलेला.
इकडे ऑफिसं अजून गारठलेली,
सुट्टीतली पोरं घरोघर पंख्याखाली,
साकीनाक्याचे लेथ ओरडत होते.
पन्नासचा आकडा हलला.
एकोणपन्नास पूर्णांक एक्याण्णव.
एकोणनव्वद.
डिमेलोनं छातीवर क्रूस काढला.

फोन उचलला गेला.
सोडा, ढेबे.

तिकडून कोवळा आवाज:
मॅडम, ढेबेसाहेब परवा रिटायर झाले.
मी वाघदरे.

एकोणीस वर्षं.
त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.
खोकल्यावरून घाटातलं धुकं ओळखायचे.
त्यांच्या मुलीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन,
सगळं दोन मेगावॉटच्या मधल्या जागेत कळलं.
हे मात्र सांगितलं नाही.

दोन सेकंद गेले.
अठ्ठ्याऐंशी.

सोडा, वाघदरे. सगळं सोडा.

आणि दुपारचं ऊन
पाइपातल्या अंधारातून खाली कोसळलं,
चाकं फिरवत,
कांजूरला, माहुलला, धारावीच्या पोटमाळ्यांवर
पंख्यांची पाती होऊन पोहोचलं.
कुणी वरती पाहिलं नसेल.
पंखा फिरत असताना कोण पाहतं?

सहा वाजून चार मिनिटांनी आकडा पन्नासवर टेकला.
पोरगा फोन ठेवेना.
मॅडम, अजून काही?

मी विचारलं, जेवलास का?

नाही, म्हणाला. डबा आहे, पण सकाळचा.

चालतं रे, मी म्हटलं.
भाकरीला चालतं.