पहिल्या प्रतीचा

लेवुबूच्या बागेत मॅकाडेमिया गळायला लागला
की रात्रभर पत्र्यावर टपटप.
त्शिनाखाहो बारा हंगाम पट्ट्याशी उभी राहून
गर निवडते: पांढरा, अख्खा, निर्यातीचा.
जिभेवर कधी एकही ठेवला नाही.
फाटकावर झडती होते.

तिच्या कुत्रीची झडती कोण घेणार?
फेले तिचं नाव, म्हणजे तरस,
आणि काल संध्याकाळी ती तरसासारखीच
मागून खाली उतरत आली.
मागचे पाय जणू दुसऱ्या कुणाचे.
उठायची, कलंडायची,
शेपूट आपटून माफी मागायची.

डॉक्टर फोनवर म्हणाला, किती खाल्ले?
ट्रॅक्टरखाली फुटलेले कोण मोजतं?
पाणी द्या, उबेत ठेवा,
दोन दिवसांत उठेल बहुधा.
तो 'बहुधा' उशाशी घेऊन ती बसून राहिली.

मुलालो म्हणाला, शेंगदाण्याचं लोणी देऊ? ते चालतं ना?
डबा आण आधी.
मोबाइलच्या उजेडात तो बारीक अक्षरं वाचत गेला:
शेंगदाणे, तेल, चिमूटभर मीठ.
झायलिटॉल नाही ना? नीट बघ.
नाही गं आई.
परत वाच.

बोटभर दिलं.
फेलेने बोट चाटलं,
मग बोटावरचा घट्टा, कितीतरी वेळ.

पहाटे भोंगा झाला तेव्हा
ती दारात उभी होती, चार पायांवर,
जरा तिरपी.

पट्ट्याशी त्शिनाखाहोने एक गर
दिव्याखाली धरला, नको तितका वेळ.
मुकादम म्हणाला, खराब आहे का?
नाही, ती म्हणाली,
पहिल्या प्रतीचा आहे.